माझ्यासाठी मांडलेली प्लेट

मंडळी, आज दुपारी दौलतगंजच्या बाजारात भाजी घेताना फ्रान्सहून फोन आला. शिकायला असताना मी तिथल्या ल्यों शहरात ज्या मादामच्या घरी राहायचे, त्यांची मुलगी बोलत होती. मादाम गेल्या.

त्यांच्याकडे जेवण दोन तास चालायचं. सूप, पाव, चीज आणि माझ्या फ्रेंचवर मनमोकळं हसणं.

मुलगी म्हणाली, "शेवटचे काही महिने आई रोज तुझी प्लेट मांडायची. 'तिची गाडी लेट असेल' म्हणत बसून राहायची. सूप गार व्हायचं."

निघताना मी त्यांना "येते" म्हटलं होतं. आपण "जाते" म्हणत नाही, म्हणून फ्रेंचमध्येही तेच सांगितलं. त्यांनी ते खरं धरलं आणि मी आठ वर्षांत गेलेच नाही.

आता ती प्लेट डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्हीही कुणाला असं "येते" म्हणून निघून आलात का?