आधीचं कुंकू

ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या काळ्या पत्र्यावर, अगदी कडेला, कुंकवाचा वाळलेला ठिपका दिसला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच राहिला.

माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर. बजेटात बसावा म्हणून कॅबिनेट साधं घेतलं, रॅम निम्मी केली, पण कार्ड मात्र नवंच हवं, हा माझा हट्ट होता. मंदार, माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणाला होता, "दुकानात कशाला जातोस? माझ्याकडे कोरं करकरीत आहे. तुझ्यासाठीच ठेवलंय."

कुणीतरी दसऱ्याला आपल्या मशीनची पूजा केली असणार. कोण कुठला तो माणूस, पण विकण्याआधी त्याने या कार्डाला मनापासून हात जोडले होते. मंदारने तेवढाही मान ठेवला नाही, ना कार्डाचा, ना माझा. जुनं आहे म्हणाला असता, तरी त्याच्यासाठी हट्ट सोडून मी घेतलंच असतं. 'तुझ्यासाठीच' हा शब्द कशाला वापरायचा?

आई पूजेचं ताट घेऊन आली. "अरे, याला आधीच लावलंस होय?" म्हणत तिने त्याच डागावर कुंकवाचं बोट टेकवलं.

तेवढ्यात मंदारचा फोन आला. "कसं आहे रे कार्ड?"

"कोरं करकरीत," मी म्हणालो.