पान सुकलंच नाही

आमच्या पुनाराममामाला अंतर विचारलं की तो कोस सांगत नसे, पानं सांगे. पळसाचं हिरवं पान तोडून हातात धरायचं आणि चालू लागायचं. ते मलूल झालं की एक पान वाट संपली, मग दुसरं तोडायचं. नागझिऱ्याच्या उत्तरेकडच्या रानात आमची जुनी माणसं अशीच वाट मोजत. पण मामाचा हट्ट भारी. त्याने सांगितलेलं अंतर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

त्याची एकुलती लेक गंगा करमटोल्याला दिली होती. लग्नानंतर मामा तिला पोचवायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "आठ पानं." झालं, विषय संपला. शामकलामामी दर सणाला डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "पोरीले घेऊन या ना!"

"आठ पानं हाये. वाघाचं रान हाये. कायले जीव घालवाले सांगतेस?"

आमच्याकडे माहेरचं माणूस घ्यायला आल्याशिवाय लेक माहेरी येत नाही. वर्षं गेली, मामी झुरत राहिली. मला तर या माणसाचा संतापच यायचा.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोंदियाजवळ विमानतळ झाला आणि मामा तिथे मुरूम टाकायच्या कामावर लागला. एकदा एक छोटं विमान रानावर गेलं ते परतलंच नाही. ते दुसऱ्या विमानातून हुडकायला रान ओळखणारा माणूस हवा होता. मुकादमाने मामाला पुढे ढकललं. मामाची बोबडी वळली. तरी विमानात चढण्याआधी सवयीने त्याने पळसाचं पान तोडलंच.

वरून त्याने आपल्या गावचा तलाव ओळखला. पाळीवर, म्हणजे बांधावर, चिंचांची रांग, अगदी आपलीच. आणि मान न वळवता, मधल्या एका डोंगरापलीकडे त्याला दुसरा तलाव दिसला, पाळीवर दोन वड असलेला. करमटोला! मामाने डोळे चोळले. दोन्ही तलाव जागचे हलले नाहीत. वाट तेवढी त्या डोंगराला आणि नदीला भलामोठा वळसा घालून जात होती. त्याने हातातल्या पानाकडे पाहिलं. ते तोडलं तसंच हिरवंगार होतं. हरवलेलं विमान सापडलं की नाही, हे मामाला पुढे कधीच सांगता आलं नाही.

घरी आला तो पांढराफटक पडून.

"शामकला, दोन्ही तलाव एकाच नजरेत दिसून राहिले होते वं!"

मामी म्हणाली, "मंग मले इतके वर्स काऊन रडवलं?"

उजाडताच कुऱ्हाड घेऊन मामा सरळ त्या डोंगरावर चढला. आमच्या बाजूने त्यावर वाट नाही, म्हणून कुणी कधी जातच नसे. बांबूच्या बेटांतून वाट पाडत, अंग खरचटून घेत तो पलीकडे उतरला. गंगा अंगण सारवत होती.

"पोरी," मामा धापा टाकत म्हणाला, "तू इतक्या जवळ हायेस, मले मालूमच नव्हतं!"

गंगाने शेणाचे हात तसेच ठेवून वर पाहिलं.

"मले मालूम होतं, बा. लाकडं आणाले मी डोंगरावर जातो ना. तिथून आपला तलाव दिसते. मले वाटे, इतक्या जवळ राहून माहा बाप मले न्याले येत नाही."

त्यानंतर कुणी मामाला अंतर विचारलं, तर तो एवढंच म्हणे, "मले नाही मालूम."