भाचीच्या कानात

माझ्या भाचीचं बारसं झालं, तेव्हा मी मौनात होते. आत्यानं बारशाला मौनात असणं म्हणजे नवरदेवानं लग्नाच्या दिवशी रजेवर असणं! पण सकाळी सात वाजता मला बारशाची चिंता नव्हती. बारसं दुपारी चारला होतं.

सात वाजता मला फक्त देव हवा होता. शाळेच्या ऑफिसातली नोकरी, दोन डबे, विरारच्या आमच्या सोसायटीतला टँकर... या गडबडीत देव भेटणार कधी? फोनवरच्या व्हिडिओत एक बाई रोज सांगायच्या, "पाच मिनिटं शांत बसा. तो तिथंच असतो." पाच मिनिटं मला फार कमी वाटली. (मला काहीच बेताचं करता येत नाही.) मी देवापुढे पाणी सोडलं आणि दुपारी बारापर्यंत मौनाचा संकल्प केला. 'त्या एवढ्याशीसाठी,' असंही मनात म्हटलं.

ती एवढीशी म्हणजे भाची. माझा भाऊ दीपक आणि सायलीवहिनी यांना लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. घाईघाईनं दोन महिने आधीच आली आणि पहिले पाच आठवडे काचेच्या पेटीत राहिली. मी तिला काचेतूनच पाहिलं होतं; घरी आल्यावरही जंतुसंसर्गाच्या भीतीनं भेटी बंद होत्या. नावावरून दोन्ही घरांच्या याद्या एकमेकींशी भांडल्या, तेव्हा ठरलं, की आत्या ठरवेल आणि थेट बाळाच्या कानातच सांगेल.

नऊला दीपकचा फोन. "ताई, गुरुजींना दुपारी दुसरीकडे जायचंय. बारसं अकराला घेतोय. नाव ठरलं ना?"

"हं."

"काय ठरवलंस?"

"हं हं!"

"सरप्राइज होय? बरं बरं!"

आता संकल्प मोडावा, तर तो नेमका पोरीसाठी केलेला! तिला काही झालं तर? मी साडी नेसले आणि स्कूटरवर आमच्या ह्यांच्या मागे मुकाट्यानं बसले. हे वसईपर्यंत शीळ घालत होते. बावीस वर्षांत त्यांना स्वतःची शीळ इतकी सलग ऐकू कधी आली नव्हती!

माहेरच्या अंगणात मांडव होता. आई पुढे आली. "शोभे, पानी घे आधी. बोलत का नाय?"

हे आनंदानं म्हणाले, "तिनं मौन धरलंय."

"मौन? कोनावर रागावली ही?"

झालं! 'आत्या रागावली' ही बातमी माझ्या आधी पाळण्यापाशी पोचली. वहिनीची आई हळूच म्हणाली, "साडीचा रंग विचारला नाही म्हणून असेल." मी जोरजोरात मान हलवली. "बघा, मानसुद्धा कशी झटकतेय!" मी वर बोट दाखवलं, म्हणजे देवासाठी. ह्यांनी भाषांतर केलं, "माळ्यावरचं काहीतरी मागतेय."

शेवटी मी फोन काढला. वहिनीला लिहायचं होतं, 'मी रागावले नाही.' 'मी रागावले' एवढं झालं आणि अंगठा घसरून ते गेलंसुद्धा! पुढचं 'नाही' नेटवर्कमध्ये गोल फिरत राहिलं. वहिनीनं मेसेज वाचला आणि तिचे डोळे भरून आले. "ताई, नऊ वर्षं वाट बघितली हो. आज तरी..."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात आई ओरडली, "चला, बारा वाजायला आले, मुहूर्त थांबायचा नाय!" चार बायकांनी मला धरून पाळण्यावर वाकवलं.

आणि मी तिला पहिल्यांदा काचेशिवाय पाहिलं.

कान केवढासा! हळदीच्या फुलाच्या पाकळीएवढा, कडेला बारीक लव, आत ऊन शिरून गुलाबी झालेला. दुधाचा वास आला. तिनं झोपेतच हात उचलला आणि माझं बोट धरलं. धरलं म्हणजे असं, की मी पाच आठवडे काचेबाहेर उभी होते हे तिला ठाऊक होतं. मग डोळे उघडून तिनं माझ्याकडे बघितलं. मांडव, बायका, गुरुजी, सगळं कुठंतरी लांब गेलं. मी सकाळपासून जी शांतता दात आवळून धरली होती, ती ही नव्हतीच. ही आपणहून आली होती आणि तिच्यात कुणीतरी होतं. तीन आठवडे शोधून ठरवलेलं नाव डोक्यातून पार उडालं, संकल्पही उडाला. कानात शब्द गेले ते एवढेच, "आलीस? आलीस गं तू?"

मागून पाठीवर धपाटे सुरू झाले. "आत्या, नाव मोठ्यानं सांगा!"

मी रडत होते. तेच पुन्हा मोठ्यानं निघालं, "आलीस!"

मग शेजारच्या वाडीतल्या फिलोमिनामावशीनं टाळी वाजवली. "ॲलिस! अगो बाय, माझ्या आजीचं नाव!" आणि मावशीनं येऊन माझे दोन्ही गाल कुरवाळले. गुरुजींनी चष्मा पुसला. दीपक म्हणाला, "ताई, यादीत हे नव्हतं गं..."

वहिनी मात्र पाळण्याच्या दोरीपाशीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "ताईंनी तिला बरोबर तेच विचारलं, जे मी रोज विचारते." तिनं माझा हात तसाच धरून ठेवला. मौन बाराच्या आधीच मोडलं हे मला थेट संध्याकाळी आठवलं, आणि गंमत म्हणजे भीती अजिबात वाटली नाही.

दाखल्यावर आता 'अन्विता' आहे. ते वहिनीनं ठेवलं. पण पोरगी वळते ती फक्त 'ॲलिस' म्हटल्यावर, आणि फिलोमिनामावशी दर रविवारी केक घेऊन येते. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात धरणारं वसई-विरारमध्ये कुणी नाही, असं आमचे हे म्हणतात. आयुष्यात एकदाच नाव ठेवायला बोलावलं होतं, तर तेवढंच जमलं नाही!