न फोडलेलं खोकं

आमच्या संघटनेत वर्गणीचा डबा कुणी घरी उघडत नसे. पत्र्याचा डबा, वर चीर पाडलेली, झाकणाला लाख लावलेली. महिन्यातून एकदा तो वस्तीच्या सभेत सगळ्यांसमोर फुटायचा. त्यामागे एक कारण होतं. मी शाळेत असताना आमच्या खजिनदाराने सभेच्या दिवशी गावाला जायचं म्हणून डबा आदल्या दिवशी घरीच उघडला आणि पैसे पिशवीत घालून पाठवून दिले. त्यात कमी होते की नव्हते, हे कळायला काही मार्गच नव्हता, आणि तेच त्याला नडलं. शिव्या कुणी दिल्या नाहीत. फक्त त्याच्याशी बोलताना लोक दुसरीकडे बघू लागले. वर्षभरात तो खोली विकून पार मुंबईबाहेर, दिव्याला निघून गेला.

हे आधी सांगायला हवं, नाहीतर मी दुबईत जे केलं ते निव्वळ मूर्खपणाचं वाटेल.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. बाबांची गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली गेली आणि आम्ही इथे चढून आलो. मी अक्षरं ओळखायला शिकले ती बाबांनी घरी आणलेल्या पत्रकांवरून. गणितं केली ती पत्रकांच्या पाठीवर. सतराव्या वर्षी मी स्वतः पत्रक लिहायला लागले आणि मला वाटायचं, नीट लिहिलं तर जगात न हलणारं काही नाही.

डोंगर मात्र हलायचा. पालिकेची पाडापाडीची गाडी यायची, चार घरं मोडून जायची, आणि मग कागदावर लिहिलं जायचं की तिथे घरं नव्हतीच, मोकळी जागा होती. मी पत्रक लिहायचे. पेपरवाले ते वाचून विचारायचे, "फोटो आहे का?" फोटो नसायचा. स्टेशनजवळचा स्टुडिओवाला एकदा आला होता, त्याच्या कॅमेऱ्यावर काठी बसली, तो परत आला नाही. म्हणून सभेत ठरलं की संघटनेचा स्वतःचा कॅमेरा घ्यायचा. पुढची गाडी येण्याआधी एकेक घर आणि त्याच्या दारात उभी असलेली माणसं कागदावर आली, तर "इथे कुणी नव्हतं" असं कुणाला म्हणता येणार नाही.

त्याच सुमारास दुबईत ताईचे दिवस भरत आले. भावोजी तिथे एका कंपनीत स्टोअरकीपर होते. आईने जायला हवं होतं, पण तिचा रक्तदाब वाढलेला, म्हणून बाळंतपणाला मला पाठवायचं ठरलं. सभेने डबा फोडून, मोजून पैसे माझ्या हवाली केले. तिथे कॅमेरा निम्म्या किमतीत मिळतो असं सगळ्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं होतं.

निघताना आई म्हणाली, "थंय जावन तोंड चालवू नको हां. थंय आपला कोण नाय."

मी हसले होते. वॉर्ड ऑफिसच्या फाटकावर घसा बसेपर्यंत ओरडणारी मी.

बाळ झालं, मुलगी. ताई घरी आल्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी भावोजी मला दुकानांच्या रांगेत घेऊन गेले. काचेआड कॅमेरेच कॅमेरे, प्रत्येकाखाली किमतीची चिठ्ठी. पहिल्या दुकानात किंमत ऐकून मला आनंद झाला आणि तो लगेच उतरला, कारण ती नुसत्या बॉडीची होती, लेन्स वेगळी. दुसऱ्या दुकानात लेन्स धरून सांगितली, मग कातडी पिशवी आणि फ्लॅश "लेनाही पडेगा" म्हणून वर चढवले. तिसरीकडे गॅरंटीचा कागद होता, पण त्यावर दुकानाचा शिक्का मारायला तो तयार नव्हता. मी प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत होते. बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "तू कॅमेरा घेतेयस की उलटतपासणी?"

चौथ्या दुकानातला भाव सगळ्यांत कमी होता. लेन्ससकट, शिक्क्यासकट. मी तो पुन्हा विचारला. एवढा कमी का?

विक्रेता गोड बोलत होता. काचेतला कॅमेरा त्याने माझ्या हातात दिला. जड, थंड, जपानी. मी लेन्सवरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग तो म्हणाला, "दीदी, ये तो डिस्प्ले का पीस है. आपको सीलपॅक देंगे." आणि तो आतल्या खोलीत गेला.

त्याला यायला वेळ लागला. पडद्याआड काहीतरी सरकवल्याचा, चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. तो आवाज आमच्याच खोक्याचा होता की दुसऱ्या कशाचा, मला आजही सांगता येणार नाही. तो बाहेर आला तो बंद खोकं घेऊन.

"खोलके देख लो. लेकिन सील टूटा तो वापस नहीं होगा."

"उघड," भावोजी म्हणाले.

"नको."

"नको म्हणजे?"

"सभेत उघडायचंय. सगळ्यांसमोर."

भावोजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या विक्रेत्याकडे, जणू तो तरी माझी समजूत घालेल. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? दुकानात उघडून बघतात! घरी गेल्यावर काय, आरती करणार त्याची?"

"मी उघडलं आणि आत काही कमी निघालं, तर लोक म्हणतील मीच काढलं."

"आणि न उघडता कमी निघालं तर?"

माझ्या डोळ्यांसमोर दिव्याला गेलेला खजिनदार होता. मी पैसे दिले. विक्रेत्याने ते घेतले आणि हसला. साधंच हसला असेल.

खरी भीती सुरू झाली ती घरी आल्यावर. ताईने जेवायला वाढलं तसे भावोजी सहज म्हणाले, "आमच्या कामगार कॅम्पातल्या एकाने टेपरेकॉर्डर घेतला होता असाच. सीलपॅक. गावाला नेऊन उघडला तर आत वाळू."

"वाळू?"

"इथे वाळूला काय तोटा आहे?" ते हसले. ताईने त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण वाळू एकदा आत शिरली ती शिरलीच.

खोकं कपाटावर होतं. मी बाळाचे लंगोट वाळत घालताना त्याच्याकडे बघायचे. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना बघायचे. दुपारी ताई झोपली की ते खाली काढून दोन्ही हातांवर तोलायचे आणि दुकानात हातात घेतलेल्या कॅमेऱ्याचं वजन आठवायचा प्रयत्न करायचे. कानाशी धरून हलवायचे. आत काहीतरी किंचित सरकायचं. कॅमेरा सरकतो का? वाळू सरकते तेव्हा कसा आवाज येतो?

"लेकीला माझ्या इतकं जपून धरत नाहीस गं," ताई एकदा अंथरुणातून म्हणाली. "फोड आणि बघ. मी कुणाला सांगणार नाही."

"तेच तर."

"काय तेच?"

"कुणाला सांगायचं नाही असं काहीतरी होईल ना मग."

ताईने कूस बदलली. "बाबांवर गेलीयस. वाट लागणार आहे तुझी."

एकदा भाजी आणायच्या निमित्ताने मी एकटीच त्या दुकानापर्यंत गेले. ठरवून गेले होते. त्याच्या समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी खोकं आणते, तूच सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुझ्या हाताने फोड, आणि आत दुसरं काही निघालं तर पैसे परत कर. वाक्यं जुळवली होती, हिंदीतून. मी बाहेर उभी राहिले. आत एक नवरा-बायको होते. त्यांच्या हातात तोच काचेतला कॅमेरा होता आणि विक्रेता पडद्याआड गेलेला. तो पुन्हा तितकाच वेळ आत होता.

आरडाओरडा झाला तर कोण येईल? आपल्याकडे चार माणसं जमतात, दोन आपल्या बाजूने बोलतात. इथे पोलीस आले तर माझ्याकडे कुणाच्या तरी कंपनीच्या भरवशावर मिळालेला पाहुण्याचा व्हिसा, भावोजींची नोकरी, घरात ओली बाळंतीण. त्या नवरा-बायकोला निदान "उघडून बघा" एवढं सांगावं, तर तेही तोंडातून फुटेना. मी आयुष्यभर छापील अक्षरांत जगाला जाब विचारला होता आणि एका दुकानाचा उंबरा मला ओलांडता आला नाही. आईचा शब्द खरा होता. मी भाजी न घेताच परतले.

निघायच्या आधी भावोजींनी शेवटचा सल्ला दिला. "खोकं फेकून दे. कॅमेरा गळ्यात घाल, पट्टा जरा मळव, कस्टमवाल्याला सांग जुनाच आहे. सगळे तेच करतात."

"चोरट्या मालाविरुद्ध आम्ही पत्रक काढलंय, भावोजी."

त्यांनी हात जोडले. ताईने ड्युटी लागली तर म्हणून काही पैसे माझ्या पिशवीत कोंबले.

सहार विमानतळावर उतरले तेव्हा मी सरळ कस्टमच्या लाल पाटीकडे गेले, आणलेला माल दाखवायचा तिथे. टेबलापाशी एक वयस्कर मराठी अधिकारी होते.

"काय आहे यात?"

"कॅमेरा." हे म्हणताना मी खोटं तर बोलत नाही ना, हेही मला ठाऊक नव्हतं.

"उघडा."

"मला उघडता येत नाही."

"म्हणजे?"

"सभेत उघडायचंय."

"कसली सभा?" त्यांचा आवाज बदलला. बाजूच्या टेबलावरच्या माणसानेही मान वर केली. मी खोक्यावरचा हात काढून घेतला. ही वाळूची भीती नव्हती, त्याहून मोठी होती. आत दुसरंच काही असलं तर? ज्या खोक्यात काय आहे हे मला माहीत नाही, ते मी देशाच्या दारातून आत आणत होते आणि वर अभिमानाने सांगत होते की मी ते उघडलेलं नाही. कोण विश्वास ठेवणार होतं?

त्यांनी ब्लेड काढलं. पट्टी कापल्याचा तो बारीक आवाज. मी डोळे मिटून घेतले.

"हं," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. पांढऱ्या थर्माकोलात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कॅमेरा होता. मी टेबलाची कड धरली.

"बरं वाटत नाहीये का?"

"कॅमेरा आहे," मी म्हटलं.

"तुम्हीच म्हणालात ना कॅमेरा आहे म्हणून!"

ड्युटी बसली, ताईचे पैसे गेले. खोकं परत माझ्या हातात आलं आणि कापलेली पट्टी बघून मी नवीनच धास्ती घेतली. "साहेब, सील तुम्ही फोडलंत असं त्यावर लिहून द्याल?"

ते बाजूच्या माणसाला म्हणाले, "ऐक. आजवर मी पॅसेंजरकडून सही घेतली. ही पहिली बाई कस्टमची सही मागतेय." मग त्यांनी खडू उचलला, खोक्याच्या झाकणावर, बरोबर कापलेल्या पट्टीवरून, मोठी फुली मारली. "ही घ्या सही. आता निघा."

बाहेर बाबा उभे होते. त्यांनी माझ्याआधी खोकं पाहिलं.

"कुणी उघडलं?"

"कस्टमने. ही बघा खूण."

घरी येईपर्यंत बाबांनी खोकं मांडीवर धरलं होतं आणि एक हात फुलीवर आडवा, तिला न टेकवता. रिक्षा खड्ड्यात आदळली तरी त्यांनी तो हात खाली येऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत खालच्या गल्लीतली, वरच्या गल्लीतली, बुद्धविहाराजवळची, सगळी माणसं. लाख फोडायचा मान नेहमी ज्यांचा, त्या मावशींनी खोकं समोर घेतलं. मी घडलं ते सांगितलं. फुली दाखवली.

मागून वरच्या गल्लीतला एक रिक्षावाला दादा म्हणाला, "खडू काय, शाळेत पण मिळतो."

कुणी हसलं नाही. कुणी त्याला गप्पही केलं नाही. मी समोर पाहिलं तर दोन-तीन बायका दुसरीकडे बघत होत्या. दिव्याला जाणारी वाट मला तिथूनच दिसली.

मावशींनी कॅमेरा बाहेर काढला. मी प्रथमच तो नीट पाहिला आणि लेन्सवरचं नाव वाचलं. ते काचेतल्या लेन्सचं नव्हतं. कुठल्यातरी कधी न ऐकलेल्या कंपनीचं होतं आणि तिची फोकसची कडी फिरवताना खरखरत होती. पडद्याआड सरकवलं गेलं असेल ते हेच.

गप्प बसता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं.

"फसवलंय," मी म्हणाले. "बॉडी खरी आहे. लेन्स दुसरी घातलीय. मी दुकानात उघडून बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. तुम्ही काय म्हणाल म्हणून घाबरले. नंतर त्या दुकानात परत गेले आणि तोंड न उघडता आले."

मग मावशी म्हणाल्या, "फोटो येतो की नाही येत यातून?"

"माहीत नाही."

"मग काढ की. बसलीस काय?"

मी रोल घातला. "पहिला तुझ्या घराचा काढते," मी त्या रिक्षावाल्याला म्हटलं. "नाही आला तर चोर म्हण."

तो आपल्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला, माझ्याकडे रोखून बघत. त्याच्यामागून वस्ती एकेका दारात उभी राहिली.

रोल धुऊन येईपर्यंत मला अन्न गेलं नाही. फोटो आले. मधला भाग स्वच्छ होता, दार, दारावरचा नंबर, माणसाचे डोळे. कडा मात्र धुक्यात विरघळल्यासारख्या, त्यातली शेजाऱ्याची खोली ओळखू येत नव्हती. रिक्षावाल्याने आपला फोटो उजेडात धरला. "एवढा काळा आहे मी?" तो म्हणाला. मग तो दुसऱ्यांचे फोटो मागून बघत बसला, बराच वेळ.

गाडी आली ती पुढच्या महिन्यात, सकाळी, नळाला पाणी आलं असताना. पहारी घेतलेली माणसं, मागे पोलीस. मी कॅमेरा उचलला आणि तो डोळ्याला स्थिर राहीना. एका शिपायाने माझ्याकडे काठी रोखली. मला त्या दुकानाचा उंबरा आठवला. मी मागे सरणार होते.

तेवढ्यात पाठीमागून त्या रिक्षावाल्याचा आवाज आला, सगळ्या गोंगाटावरून, "ए, मधोमध धर गं त्याला! कडेचं येत नाही आपल्यात!"

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि शिपायाला चौकटीत मधोमध धरलं.