मेहरूणच्या चौकातला माझा फ्लेक्स

माझा बेत साधा होता आणि गुप्त होता. जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात आठ वर्षं नर्स म्हणून काढल्यावर डोक्यात शिरलं की आपण डॉक्टर व्हावं. पण हे खूळ की खरी ओढ, हे कळायचं कसं? म्हणून बिनपगारी रजा टाकून तीन महिने युगांडातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, बाकी दिवस सगळं नर्सच बघते. जमलं, तर परत येऊन प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायचा. नाही जमलं, तर गुपचूप वॉर्डात येऊन सलाईन लावायच्या. फिजिक्सचं पुस्तक मी बारावीनंतर उघडलं नव्हतं. नापास व्हायची मला भीती नव्हती. नापास झाल्याचं गल्लीला कळेल, याची होती.

हे मी फक्त आईला सांगितलं. आईने फक्त धुळ्याच्या मामांना सांगितलं. आणि मामांचं धुळ्यात फ्लेक्स छापायचं दुकान आहे.

त्यानंतरच्या सोमवारी ड्यूटीवरून येताना आमच्या मेहरूणच्या चौकात मी स्वतःलाच भेटले, दहा फूट रुंद. मावसबहिणीच्या लग्नातला माझा नथवाला फोटो, त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावरचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि डोक्यावरून जाणारं विमान. 'भावी डॉक्टर, परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुक म्हणून अकरा गॉगलवाले, ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही. असे फोटो मामांच्या कॉम्प्युटरवर कायमचे पडून असतात, जागा उरली की ते लावून टाकतात. इकडे माझा व्हिसासुद्धा यायचा होता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी समोरच्या मारवाडी शेटजींनी साखरेच्या पुड्याबरोबर गुडघ्याचा एक्स-रे माझ्या हातात दिला. शेजारच्या अक्का पिशवीभर जुने रिपोर्ट घेऊन आल्या आणि ओट्यावर बसूनच राहिल्या. वॉर्डात खरे डॉक्टर दाराशी थांबून "आधी तुम्ही, भावी मॅडम" म्हणायला लागले. पारोळ्याहून आलेले एक आबा तर इंजेक्शनच घेईनात. म्हणाले, "चौकमा फोटो शे ना तुना? मंग सुई कसाले टोचस? गोळी लिखी दे." मी सुई टोचली, आणि खरं सांगते, जरा जोरातच टोचली.

संध्याकाळी मामांना फोन लावला. "मामा, तो फ्लेक्स काढा. आजच्या आज."

"काब्रं? फोटो चांगला नही का?"

"फोटोचं राहू द्या! मी पास झाले नाही तर? मला रोज त्याच चौकातून जायचंय!" पुढेही मी बरंच बोलले. मामा नुसतं 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. आई भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "त्याने हौसेने केलं होतं." मला वाईट वाटलं. पण राग त्याहून मोठा होता, म्हणून मी परत फोन केला नाही. आठवड्यामागून आठवडे गेले, व्हिसा आला, तरी केला नाही. फ्लेक्सही तसाच चौकात होता, आणि मी मागच्या गल्लीने ये-जा करत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मामा एसटीने आले. एका हातात मामींनी केलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा, खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी. येता येता चौकातून स्वतःच उतरवून आणला होता. पाणी प्यायले, माझी बॅग ओढली आणि तिच्याभोवती फ्लेक्स गुंडाळायला लागले, माझा चेहरा आत, पांढरी बाजू बाहेर. आमच्याकडे उतरलेला फ्लेक्स कांद्यावर जातो, कडब्यावर जातो, गळक्या पत्र्यावर जातो, वाया जात नाही.

"तठे पानी पडस म्हने," ते म्हणाले.

मग दोरी आवळता आवळता, माझ्याकडे न बघता बोलले, "वीस वरीसपासून मी 'भावी' छापी ऱ्हायनू. भावी नगरसेवक, भावी आमदार. एक बी व्हयना नही. पडतस, आन पुढली निवडणूक उनी का मान वर करीसन परत छापाले येतस. त्यासले लाज वाटत नही. तुले कसानी लाज?"

आई उगाचच बिबड्यांचा डबा उघडून बघत होती.

मामांनी शेवटची गाठ मारली, ओढून पाहिली. "तू पडनी ते मी परत छापसू."

एकाच वेळी रडू आणि हसू आलं की नाक फार वाहतं, हे नर्सला सांगायला नको. मी ओढणीने नाक पुसलं.

"मामा, पुढच्या वेळी तेवढी नथ काढा."