करमायचं नाही

काल काकांकडे गेलो, तेव्हा काकू अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली हाक मारत होती, "अहो ताई, बाजारात निघालात का?" खालची अनोळखी बाई वर न बघताच निघून गेली.

काका गणिताचे प्राध्यापक होते. सांगलीचं घर विकून इथं पुण्यात का यावं, हे त्यांनी मुद्देसूद पटवून दिलं होतं. मुलगा जवळ, दवाखाना जवळ, शिवाय लिफ्ट. काकू एवढंच म्हणाली होती, "मला तिथं करमायचं नाही."

"हे काही कारण झालं?" म्हणून काकांनी विषय संपवला होता.

हुशार माणसाला दुसऱ्याचं म्हणणं चटकन खोडता येतं. खोडलं की त्यामागचं दुःखही मिटलं, असं त्याला वाटतं.

काकू अजून कठड्याशीच उभी होती. तिच्याकडे बघत काका हळूच म्हणाले, "सगळं बरोबर होतं रे. चुकलं कुठं, तेच सापडत नाही."