बोटं वाकवणारा स्नायू

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मालिश मात्र मी गावी आईच्या हाताखाली शिकले. बाळंतिणी, तान्ही बाळं, कंबर धरलेल्या म्हाताऱ्या. इथे परदेशात, बेडोक भागातल्या एका मालिश पार्लरमध्ये काम मिळत होतं, पण लायसनची परीक्षा पास झाले तरच. पहिल्या वेळी परीक्षक बाईंनी विचारलं, बोटं वाकवणारा स्नायू कुठे असतो? मी बोटांकडे बघत राहिले. नापास. पार्लरवाली म्हणाली, आणखी एकदाच थांबेन.

मग मुलगी माझी मास्तरीण झाली. मी पोळ्या लाटायचे, ती टेबलावरून विचारायची.

"कोपर वाकवलं?"

"फ्लेक्शन."

"सरळ केलं?"

"एक्स्टेन्शन."

"हात अंगापासून लांब नेला?"

"ॲब्डक्शन... नाही, ॲडक्शन."

"आई! पहिलंच बरोबर होतं, लाह!"

"तुझं ते इथल्या पोरांचं लाह नको मध्ये. आणखी एक शब्द पाठ करावा लागेल."

ती हसली. माझा पिठाचा हात तिने आपल्या कोपराखाली ठेवला आणि मूठ वळली. कातडीखाली काहीतरी सरकलं. "हेच फ्लेक्सर्स," ती म्हणाली. बोटं दुखतात म्हणणाऱ्या बायकांची मी नेहमी तीच जागा रगडत आले होते. तिला नाव असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेला माझ्यासमोर लायसनच्या वर्गात माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी झोपली होती. पाठ, खांदे, हात, सगळं नीट झालं. संपल्यावर सवयीने मी तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बाळाची काढतात तशी दृष्ट काढली.

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. "हे काय केलंत?"

मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हिला नजर लागू नये म्हणून."

त्या हसल्या नाहीत. "हालचाल कोणती झाली?"

"बोटांची. फ्लेक्शन."

"कोणत्या स्नायूंनी? कुठे असतात?"

पुन्हा तोच प्रश्न. मला फक्त दार दिसत होतं. मी डाव्या हाताने उजव्या कोपराखाली धरलं आणि मूठ वळली. कातडीखाली तेच सरकलं.

"इथे. फोरआर्म. फ्लेक्सर्स."

किती मोठ्याने बोलले कोण जाणे, झोपलेल्या मुलीने डोळे उघडले.

बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "पार्लरमध्ये गिऱ्हाइकांपुढे बोटं मोडू नका. घाबरतील."

मी हो म्हणून बाहेर आले. जिन्यावर पोचल्यावर कळलं, बाई 'पार्लरमध्ये' म्हणाल्या होत्या. म्हणजे मी पास झाले होते.